उभा दाब

लालबागच्या नाक्यावरून काळाचौकीकडे वळले की उजव्या हाताला पत्र्याची एक उंच शेड लागत असे. ‘कोठारे पट्टी कारखाना’ ही तिच्यावरची पाटी धुराने काळवंडलेली होती; तिच्याखालचा ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ हा कापडी फलक मात्र धुऊन धुऊन पुन्हा लावला जाई. दारूखान्याच्या बंदरावर मोडलेल्या जहाजांचे जाड पत्रे या शेडमध्ये येत. कातरीखाली त्यांच्या लांब चिपा निघत, त्या भट्टीत तापून लाल होत, आणि फिरत्या रुळांच्या जोड्यांतून पुन्हा पुन्हा दाबल्या जाऊन अखेर बोटभर रुंदीच्या पट्ट्या बनत. आसपासच्या गिरण्यांतून कापडाच्या ज्या गासड्या बाहेर पडत, त्यांतल्या पुष्कळशा याच पट्ट्यांनी आवळलेल्या असत.

कारखान्याचे मालक मनमोहन कोठारे आणि तिथले तपासनीस श्यामकांत कोठारे हे सख्खे चुलतभाऊ. गिरगावातल्या एकाच घरात, एकाच पंगतीला जेवून दोघे वाढले. मनमोहनरावांना माणसे जोडण्याची कला होती. श्यामकांतांना लोखंड कळत होते, आणि ते दुसऱ्याला समजावून सांगण्याची चिकाटीही होती. फक्त समोरच्याने ऐकून घ्यायचे आधीच ठरवलेले असावे लागे. रेल्वेच्या कार्यशाळेतली नोकरी सोडून ते धाकट्या भावाच्या शब्दाखातर इथे आले. आल्यापासून त्यांनी कारखान्याला वादविवाद पुष्कळ दिले, पण टिकून राहील अशी गोष्ट एकच दिली. तिला सारे जण उभा दाब म्हणत.

कातरीने कापलेल्या चिपेची कड कधीच स्वच्छ नसते. तिच्या एका अंगाला धातूची बारीक झालर लोंबत राहते, आणि थंड पत्रा कापला जाताना कडेच्या पोटात केसासारख्या चिरा पडतात. शिवाय तापलेली चीप भट्टीबाहेर आली की सर्वांत आधी निवते ती कडच. मध्यभाग अजून नारिंगी असतो तेव्हा कड काळसर पडू लागलेली असते, आणि निवालेल्या कडेला मध्याच्या बरोबरीने लांब होणे जमत नाही. मग झालर दुमडून आत दाबली जाते, चिरा रुंदावतात, आणि वरून गुळगुळीत दिसणारी पट्टी कडेने कच्ची राहते. यावर श्यामकांतांनी दोन बंदोबस्त केले होते. रुळांवर सोडलेले गार पाणी कडांवर ओघळू नये म्हणून त्यांनी पन्हळ्या बसवल्या. आणि चीप अजून जाड, पुरती लाल असताना, दोन आडव्या दाबांच्या मध्ये तिला एकदा कडेवर उभी करून खाचेच्या रुळांतून काढायचे, असा नियम घातला. त्याने झालर चिरडली जाई आणि चिरा उघडण्याआधीच दबत. त्या कामाला वेळ लागे, माणसे जास्त लागत, आणि लाल चीप सांडशीने उभी धरणे हे कोणाही येरागबाळ्याचे काम नव्हते. ते लवू परब करी. मालवणकडचा हा धिप्पाड माणूस सांडशीवाल्यांचा मुकादम होता, आणि त्याचा शब्द शेडमध्ये मालकाच्या खालोखाल चाले.

सन छप्पनच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या हाती राहणार अशी घोषणा झाली आणि लालबाग-परळ पेटले. गोळीबार झाले, संचारबंदी आली, भट्टी विझली. कारखाना उघडला तेव्हा मनमोहनरावांनी बंदच्या सगळ्या दिवसांचा पगार कामगारांच्या हातावर ठेवला. असा मालक लालबागेत तरी कोणी पाहिला नव्हता. भट्टी पेटवायच्या आधी सारे जण तिच्या तोंडाशी जमले आणि लवू उभा राहिला.

“मालकांनी बंदचा पगार दिला,” तो म्हणाला. “आपण फुकट खाणारी माणसं नाय. जो माल बुडाला तो आपण भरून देऊचो. हा आपला हरताळाचा भरणा.”

माणसांनी टाळ्या वाजवल्या. श्यामकांत बाजूला उभे होते. त्यांनी विचारले, “कसा भरणार? भट्टी तेवढीच आहे, दिवसही तेवढाच आहे.”

“उभा दाब सोडायचा, साहेब. महिनाभर. चीप सरळ आडवी काढायची.”

“लवू, तो दाब तू स्वतःच्या हातांनी देतोस. तो सोडला की कड कशी निघते हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?”

“ठाऊक आसा. पण लढाईत माणूस जेवणाची वेळ बघत नाय.”

“जेवण चुकलं तर पोट आपलं दुखतं. ही पट्टी दुसऱ्याच्या हातात तुटेल.”

“गिरणीवाल्यांच्या हातात ना?” मागून कोणीतरी म्हणाले. “मग तुटू दे की.”

हशा पिकला. श्यामकांत हसणे संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “गिरणीचा मालक पट्टी हातात धरत नाही. धरणारा तुमच्यासारखाच कोणीतरी असतो.”

“झाला साहेबांचा तास सुरू,” तोच आवाज म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. एवढ्यात मनमोहनराव आले. भरण्याची गोष्ट कळताच त्यांनी लवूला मिठी मारली. त्याच्या अंगावरची काजळी त्यांच्या पांढऱ्या कोटाला लागली, आणि तो कोट त्यांनी दिवसभर तसाच अंगावर ठेवला.

महिना संपला. उभा दाब परत आला नाही. तो बंद ठेवावा असे कोणी ठरवले नव्हते. तो सुरू करावा असेही कोणी म्हटले नाही. खाचेचे रूळ गंजू लागले. श्यामकांत रोज पट्टीचे टोक ऐरणीच्या कोपऱ्यावर ठेवून हातोड्याने वाकवून पाहत. कड उसवत असे. ते तो तुकडा खिशात घालून मनमोहनरावांच्या खोलीत जात.

“मनू, महिना होऊन गेला.”

“बस, दादा. चहा सांगतो.”

“चहा नको. उभा दाब कधी सुरू होणार ते सांग. लोअर परळच्या गिरणीची तक्रारही आली आहे, पट्टी तुटते म्हणून.”

“तक्रार केली कोणी? त्यांच्या मॅनेजरनं. हरताळाच्या दिवशी गिरणी चालू ठेवायला निघाला होता तोच. त्याला मराठी माणसाचा माल नको आहे, म्हणून निमित्त शोधतो आहे.”

“निमित्त त्यानं शोधलं असेल. चीर त्यानं पाडलेली नाही.”

मनमोहनराव मायेने हसले. “दादा, तुझं सगळं बरोबर असतं रे. पण बरोबर असायलाही वेळकाळ असतो. आपल्या पट्टीत खोट आहे हे आज तुझ्या तोंडून निघालं, तर उद्या लोक म्हणतील, यांना एक कारखाना धड चालवता येत नाही आणि हे मुंबई मागतात.”

“मुंबई मागायला मी तुझ्याआधी मोर्चात गेलो होतो. तिथे मला कोणी सांगितलं नाही की घरी जाऊन कडा तपासू नकोस.”

“बोलतो लवूशी,” मनमोहनराव म्हणाले. हे ते प्रत्येक वेळी म्हणत.

लवूचा धाकटा भाऊ आनंदा त्याच लोअर परळच्या गिरणीत गासड्या बांधण्याच्या प्रेसवर होता. दोघे भाऊ नायगावच्या चाळीत एकाच खोलीत राहत. पाळी बदलली की आनंदा दुपारी लवूचा डबा घेऊन कारखान्यावर येई. एके दिवशी श्यामकांत तिथून जात असता दोघांचे बोलणे त्यांच्या कानी आले.

“दादा, तुमची पट्टी बोलता हां आता,” आनंदा सांगत होता. “प्रेस सुटलो, गासडी फुगली, की कडेक टिक-टिक करता. आमी बांधतो आणि चार पावला मागे सरतो.”

“हत्तीसारखे आवळशात तर बोलतलीच,” लवू घास घेत म्हणाला.

“प्रेसवाले माका चिडवतत. तुझ्या भावाची पट्टी, तूच पुढे हो, म्हणतत.”

“मग हो पुढे. भितंस कित्याक?”

श्यामकांत थांबले. “आनंदा, तुमच्या खात्यात सांग, ही पट्टी परत पाठवा म्हणावं. एक गाडी परत आली की इथे सगळ्यांचे डोळे उघडतील.”

लवूने डबा खाली ठेवला. “साहेब, तुमचा आमचा काय ता घरातल्या घरात. माझ्याच भावाच्या तोंडून आमच्या कारखान्याची नालस्ती कित्याक करतास?”

“नालस्ती नाही, लवू. कड कच्ची आहे.”

“नाय साहेब,” आनंदा घाईने म्हणाला, “मी काय कोणाक सांगूचंय नाय. भावाचो कारखानो तो.”

तेव्हा श्यामकांतांनी आपल्या अधिकारात जेवढे होते तेवढे केले. पट्ट्यांची प्रत्येक जुडी ते वाकवून पाहू लागले, आणि जी उसवेल तिच्या कडांवरून लाल रंगाचा कुंचला फिरवू लागले. लाल जुडी बाहेर जायची नाही. तिचे तुकडे करून भंगारात टाकायचे. आठवड्याच्या शेवटी भिंतीशी लाल जुड्यांचा ढीग लागला. सोमवारी ते आले तेव्हा भिंत मोकळी होती.

“भंगारात गेल्या,” लवू म्हणाला.

लवू कधी खोटे बोलल्याचे श्यामकांतांना आठवत नव्हते. त्यांनी पुढे विचारले नाही.

मार्च उतरणीला लागला असता आनंदाच्या गिरणीत प्रेस सुटला, गासडी फुगली आणि पट्टी तुटली. तिचे मोकळे टोक चाबकासारखे उलटले आणि आनंदाचा डावा डोळा घेऊन गेले.

श्यामकांत परळच्या इस्पितळात गेले तेव्हा खाटेशी आनंदाची बायको शांता बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि पदर नीट केला. आनंदाचे अर्धे तोंड मलमपट्टीत गुंडाळलेले होते.

“साहेब काय? या,” तो म्हणाला. “शांते, तो तुकडो दी साहेबांका. आमच्या खात्यातल्यांनी आणून दिल्यानी. म्हणाले, भावाक दाखव.”

शांताने उशाखालून वीतभर पट्टी काढून दिली. श्यामकांत ती घेऊन खिडकीशी गेले. तुटलेल्या जागेपासून कडेला एक बारीक रेघ आत गेली होती, आणि ती रेघ लाल होती. त्यांनी नखाने खरवडून पाहिली. गंज नव्हता. वरचा रंग कोणीतरी रॉकेलने पुसून काढला होता. पण रॉकेल जिथे जाते तिथे पातळ झालेला रंग बरोबर नेते, आणि ते पट्टीच्या प्रत्येक चिरेत शिरले होते. एरवी डोळ्यांना दिसल्या नसत्या अशा चिराही त्यामुळे लाल धाग्यांसारख्या उमटल्या होत्या. दोष इतका स्वच्छ दाखवण्याची युक्ती श्यामकांतांना स्वतःला कधी साधली नव्हती.

“लाल कसला ता?” आनंदाने विचारले.

“माझा रंग आहे.”

“म्हणजे ही तुम्ही बाजूक काढलेली.”

“हो.”

“मग पुसली कोणी?”

श्यामकांतांनी तुकडा खिशात घातला. शांताचा हात पदरावरच थांबला होता.

“साहेब,” आनंदा म्हणाला, “एवढा करा. ह्या लवूदादाक दाखवू नका. डोळो गेलो तो गेलो. तो खुळावतलो.”

“नाही दाखवत,” श्यामकांत म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात तसेच होते.

तुकडा एकट्या मनमोहनरावांना दाखवायचा, असे ठरवून ते लालबागला आले. खोलीचे दार उघडले तर आत लवू बसला होता. गिरणीचा प्रेस जुनाट आहे, मराठी कामगाराच्या जिवाची तिथल्या मालकाला पर्वा नाही, म्हणून गिरणीवर मोर्चा न्यायचा बेत चालला होता. घोषणा मनमोहनराव सुचवीत होते. श्यामकांत दारातच उभे राहिले. परत फिरणे शक्य होते. पण उद्या पहाटे भट्टी पेटणार होती, चिपा पुन्हा आडव्याच निघणार होत्या, आणि कोठल्या तरी गिरणीत आणखी कोणाचा भाऊ प्रेसपाशी उभा राहणार होता. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला.

मनमोहनरावांनी तो उचलून उजेडात धरला. त्यांना लोखंड कळत नसे, पण हे कळायला लोखंड कळावे लागत नव्हते.

“हा रंग तुझा,” ते सावकाश म्हणाले. “म्हणजे माल वाईट आहे हे तुला ठाऊक होतं. तू इथला तपासनीस. आणि तरी तू तो बाहेर जाऊ दिलास.”

“पुसला कोणी ते विचार.”

“मी विचारणार नाही. दुसरा कोणी विचारेल तेव्हा तो तुलाच विचारेल.”

“मी पुसला,” लवू म्हणाला. तो तुकड्याकडे पाहत होता. “रॉकेलान. भरणा पुरा करायचा होता.” मग त्याने मान वर केली. “ह्या आनंदान बघितल्यान?”

“त्यानंच दिला. तुला दाखवू नका म्हणाला.”

“आणि तुम्ही दाखवलास.”

लवू उठून निघून गेला. दार त्याने आपटले नाही. हळूच ओढून घेतले.

मनमोहनरावांनी तुकडा खणात टाकला. “दादा, आता तू आणि लवू एका शेडमध्ये राहू शकत नाही, आणि लवूवाचून कारखाना चालत नाही. तुलाही हे दिसतं आहे.”

“उभा दाब सुरू होणार का, एवढं सांग.”

“तू गेलास तर उद्यापासून.”

“मी गेलो तर उद्यापासून,” श्यामकांतांनी ते शब्द पुन्हा उच्चारले. या वाक्यात खंडन करण्याजोगे पुष्कळ होते. त्यांनी तिथेच राजीनामा लिहून दिला.

मोर्चा ठरल्याप्रमाणे निघाला. गिरणीच्या फाटकापर्यंत लवू सर्वांच्या पुढे होता आणि ‘जुना प्रेस मोडा’ अशी घोषणा देत होता, असे श्यामकांतांना दुसऱ्यांकडून कळले. त्यांची पत्नी दुर्गाबाई त्या दिवशी ताट वाढून समोर बसल्या.

“तुमचंच म्हणणं खरं ठरलं ना शेवटी?”

“ठरलं.”

“मग जेवा,” दुर्गाबाई म्हणाल्या. “खरं ठरलेलं माणूस उपाशी राहिल्यासारखं दिसतंय.”

माटुंग्याच्या एका तंत्रशाळेत त्यांना शिकवण्याचे काम मिळाले. जाता-येता बस लालबागवरून जाई. मधूनमधून ते नाक्यावर उतरत आणि शेडच्या मागच्या भिंतीशी उभे राहत. आत जाण्याची गरज नव्हती. आडव्या दाबाचा आवाज लांब आणि खरखरीत असे. दोन खरखरींच्या मध्ये एक आखूड, जड आवाज आला की समजावे, चीप कडेवर उभी राहिली. तो आवाज येत होता. मनमोहनरावांनी या बाबतीत शब्द पाळला होता. आनंदाचीही त्यांनी सोय लावली. कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून त्याला ठेवून घेतले, आणि लालबागेत त्यांचे नाव आणखी मोठे झाले. लवू आणि श्यामकांत रस्त्यात समोरासमोर आले तर दोघांपैकी एक जण फुटपाथ बदलत असे. बहुतेक वेळा श्यामकांतच बदलत.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झाले. गिरणगावात रोषणाई झाली, कमानी उभ्या राहिल्या, चाळीचाळींतून मिरवणुका निघाल्या. श्यामकांतही मिरवणुकीत चालले. त्यांचा आनंद खोटा नव्हता. उत्सवासाठी कोठारे कारखाना काही दिवस बंद होता, असे त्यांनी ऐकले. तो उघडल्यावर एके सकाळी ते सवयीने नाक्यावर उतरले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

खरखर आली. तिच्यामागे लगेच दुसरी खरखर आली. त्यांनी आणखी काही चिपा जाऊ दिल्या. मग ते भिंतीला वळसा घालून फाटकाशी गेले. फाटकावर आंब्याच्या पानांचे तोरण होते, आणि आनंदा स्टुलावर बसला होता. त्याने मान पुरती वळवून उजव्या डोळ्याने त्यांना ओळखले आणि उठून उभा राहिला.

“कधीपासून?” श्यामकांतांनी विचारले.

“कारखानो उघडलो तेव्हापासून. मालकांनी उत्सवाचो पगार दिलो ना. दादा म्हणालो, भरणा देऊया. आपला राज्य इला.”

“किती दिवस?”

“महिनाभर म्हणतत.”

“तू काही बोलला नाहीस?”

“बोललंय. परवा सकाळीच बोललंय.” आनंदाने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. “दादा म्हणालो, तू फाटक सांभाळ.”

आतून पुन्हा दोन खरखरी आल्या, एकीला लागून दुसरी. दोघेही त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे कान लावून उभे राहिले.

“जातास आत?” आनंदाने विचारले. “उघडू?”

श्यामकांत फाटकाच्या फटीतून पाहत होते. भट्टीच्या उजेडात लवू सांडशी धरून उभा होता. केस पांढरे झाले होते, पण हात तसेच सराईत होते. चीप आली, त्याने ती पकडली, आणि आडवीच पुढच्या रुळांत सोडली. त्याला सांगण्याजोगे असे काहीच नव्हते, जे त्याला ठाऊक नव्हते.

“नको,” ते म्हणाले.

आनंदाने स्टुलाखालचा पुडा काढला आणि त्यातला एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. “घेवा. मालकांनी सगळ्यांका वाटूक सांगल्यानी.”

श्यामकांतांनी तो घेतला. बस येईपर्यंत तो त्यांच्या मुठीत होता. बसमध्ये चढताना दांडी धरायला हात मोकळा करावा लागला, तेव्हा त्यांनी तो तोंडात टाकला.